एक सप्तक वर

शनिवारी दुपारी मौलालीच्या झेरॉक्सच्या दुकानात आपल्या पुढे जो उभा असतो, तो कधीही एकदोन पानांचं काम घेऊन आलेला नसतो, हा आभाचा जुना अनुभव होता. आजही तसंच चाललं होतं. पुढच्याचं छापून संपेना. नोव्हेंबरचं ऊन सरकत सरकत काउंटरच्या काचेवर आलं होतं. आभाच्या खांद्याला व्हायोलिनची पेटी, हातात उद्याच्या तालमीची पानं आणि कानाला फोन. फोनवर तिचे बाबा जेवायला किती वाजता येणार म्हणून विचारत होते.

"मला काय माहीत, बाबा," ती म्हणाली. "पुढे एक जण उभा आहे. पानंच्या पानं छापतोय, नुसते आकडे... शून्य, दोन, तीन, परत शून्य. लॉटरीवाला असणार. दिसायला बरा आहे, पण हल्ली दिसण्यावरून काही कळत नाही."

कोलकात्यात मराठी बोलण्याचा हा एक मोठा फायदा. भर रस्त्यात कोणाहीबद्दल काहीही बोलावं, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. आभाच्या घराण्याच्या, ताम्हनकरांच्या, चार पिढ्या भवानीपुरात गेल्या आणि चारही पिढ्यांनी या सोयीचा मनसोक्त उपभोग घेतला होता.

पुढचा माणूस वळला.

"दिसण्याबद्दल आभारी आहे," तो स्वच्छ मराठीत म्हणाला. "पण लॉटरी नाही हो ती. गाणं आहे."

आभाच्या कानापासचा फोन हळूच खाली आला. आतून बाबा हॅलो, हॅलो करत राहिले. आता खरं तर लाजायची पाळी तिची, पण गंमत अशी की गोरामोरा झाला तो. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा व्हायोलिनच्या पेटीकडे आणि हातातली पानं उगाचच नीट करायला लागला.

त्याचं नाव अनीश वानखडे. मूळचा अमरावतीचा, बँकेत अधिकारी, दीड वर्षापूर्वी बदली होऊन बजबजच्या शाखेत आलेला. एवढं सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं, जणू तिने ओळखपत्र मागितलं होतं. मग तिने मागितलं नसताना पानही पुढे केलं.

पानावर सहा-सहा रेघांचे पट्टे होते आणि रेघांवर ते आकडे. सहा रेघा म्हणजे गिटारच्या सहा तारा, तो सांगत होता. रेघेवर तीन लिहिलं असेल तर त्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या तिसऱ्या पडद्यावर, बोट ठेवायचं. टॅब म्हणतात याला. गिटारवाले हेच वाचतात. आणि प्रत्येक पट्ट्याच्या वर पाच रेघांचा आणखी एक पट्टा होता, काळ्या ठिपक्यांचा. तो मात्र आभाच्या रोजच्या ओळखीचा. वयाच्या सातव्या वर्षापासून ती त्या पाच रेघांवरच जगत आली होती.

"खालचं मी लिहितो," अनीश म्हणाला. "वरचं सॉफ्टवेअर आपोआप लिहितं. व्हायोलिन-बियोलिन वाजवणारे वरचं वाचतात म्हणे."

"म्हणे?"

"मला... नाही येत वाचता."

"म्हणजे तुम्ही पत्र लिहिता आणि आत काय लिहिलंय ते तुम्हालाच कळत नाही."

"लिहिताना कळतं की," तो म्हणाला. "पाकिटात घातल्यावर कळत नाही."

तिला हसू आलं. त्याने इयरफोनची एक गुंडी तिच्या पुढे धरली. दोन व्हायोलिन, एक त्याहून थोडा मोठा व्हिओला, एक खर्जातला चेलो, अशा चार वाद्यांसाठी लिहिलंय, असं तो चाचरत म्हणाला आणि त्याने ते लावलं.

कॉम्प्युटरने वाजवलेलं व्हायोलिन कसं वाजतं हे आभाला ठाऊक होतं. डास कानाशी आल्यासारखं. पहिले काही क्षण तसंच वाटलं. मग त्या कोरड्या आवाजाच्या आतून एक सूर निघाला आणि सावकाश चालायला लागला, दुसऱ्याने त्याला वाट दिली, चेलो खालून असा आला की तिची पाठ आपोआप ताठ झाली. कुठेही घाई नाही, कुठेही दिखावा नाही. मधूनच सगळे थांबत, अगदी क्षणभर, आणि पुन्हा निघत. दुकानदाराने दोनदा "दीदी" म्हणून हाक मारली. तिला तिसऱ्यांदा ऐकू आली.

"किती दिवस लागले?"

"दहा महिने. एकेक आकडा टाकायचा, ऐकायचा, पुसायचा..."

व्हायोलिनच्या सगळ्या परीक्षा आभाने पहिल्या श्रेणीत पास केल्या होत्या, गेली सहा वर्षं ती मुलांना शिकवत होती, पुढ्यात ठेवाल ते वाजवत होती. पण स्वतःच्या चार ओळी तिने आजवर कधी लिहिल्या नव्हत्या. तसं धाडसच झालं नव्हतं. आणि हा माणूस, ज्याने व्हायोलिन कधी हातात धरलं नव्हतं, ज्याला वाचता येत नव्हतं, तो चार वाद्यांना बोलायला लावून बसला होता. तिला त्याचा हेवा वाटला नाही, हे विशेष. तिला तो फार आवडला.

तिथेच, झेरॉक्सच्या काउंटरवर, तिने त्याला गोम्स सरांबद्दल सांगितलं.

गोम्स सर शहात्तर वर्षांचे. तालतल्याच्या एका चर्चमागच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी त्यांची तंतुवाद्यांची मंडळी जमायची, आभा त्यात पहिलं व्हायोलिन. डिसेंबरच्या कार्यक्रमात सर दरवर्षी एक नवी रचना घेत. कोणाचीही असो, पण एका अटीवर. नवा कागद ते एकदाच वाचणार. सगळ्यांच्या पुढ्यात पानं ठेवायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता वाजवायची. त्या एका वाचनात ती बोलली तर ठेवायची, नाही बोलली तर खाकी पाकिटात. पाकिटातून परत आलेला कागद आभाने आजवर पाहिला नव्हता.

"एकदाच?" अनीशने विचारलं.

"एकदाच. माझं ऐका, द्या ही. मी ऐकलीय ना... बोलणार ती."

पुढचे दोन आठवडे आभाच्या घरी जेवायच्या वेळा चुकत गेल्या. बजबजहून सुटलेला माणूस सियालदहला उतरायचा, ही शिकवणी संपवून मौलालीला यायची आणि मातीच्या भांड्यातला चहा घेत दोघं एकाच इयरफोनच्या दोन टोकांना उभी राहायची. तार आखूड होती, त्यामुळे फार लांब उभं राहता येत नव्हतं. तक्रार कोणाचीच नव्हती.

त्याला फार प्रश्न पडत. व्हायोलिनवर फ्रेट नाहीत, मग बोट कुठे ठेवायचं ते कसं कळतं? "चुकलं की कळतं," ती म्हणे. तुम्ही लोक वाजवताना व्हायोलिनला असा कान का देता? बिचारी गिटार मांडीवर बसून असते, तिला कोणी असा कान देत नाही. यावर आभाने, कान द्यायचा की नाही हे वाद्यापेक्षा वाजवणाऱ्यावर अवलंबून असतं, असं काहीसं उत्तर दिलं आणि चहा उगाचच पुन्हा फुंकला. तुम्ही-तुम्ही कधी गळून पडलं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

गुरुवारी त्याने चारही वाद्यांची पानं छापून, फाइलमध्ये लावून तिच्या हाती दिली. खालचे आकडे लपवले होते, वरच्या पाच रेघाच ठेवल्या होत्या, तिने सांगितल्याप्रमाणे. सॉफ्टवेअरमधली मूळ फाइलही पेनड्राइव्हवर दिली. "एकदा बघून घेशील?" तो म्हणाला.

आभा हो म्हणाली. घरी गेली, फाइल व्हायोलिनच्या पेटीत सरकवली, आडवी झाली आणि फोनवर त्याने पाठवलेली रचना पुन्हा लावली. बाबांनी दारातून विचारलं, सारखं काय ऐकतेस गं? छान आहे, एवढंच ती म्हणाली. शुक्रवारी ऐकली, शनिवारी ऐकली. पानं पेटीतच राहिली. जे इतकं पाठ झालंय ते वाचायचं कशाला, असंच तिला वाटलं असणार. प्रेमात पडलेल्या माणसाकडून कामं ही अशीच होतात.

रविवारी पानं वाटली गेली. अनीश मागच्या बाकावर बसला होता, इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही हात गुडघ्यांवर. गोम्स सरांनी पेन्सिल उचलली आणि चार मोजले.

पहिल्याच सुराला आभाच्या अंगावर काटा आला आणि तो सुखाचा नव्हता. सगळं वर होतं. जो सूर छातीतून यायचा तो डोक्यावर किंचाळत होता. दुसरं व्हायोलिन त्याहून कसनुसं. चेलो वाजवणाऱ्या मृणालदांचा (बंगालमध्ये मृणाल पुरुषही असतात) डावा हात तारांवरून खाली, खाली, पार टोकाला पोचला आणि त्या भल्या मोठ्या वाद्यातून मांजराच्या पिल्लासारखा आवाज निघाला. कोणीतरी फिस्सकन हसलं. आभाला थांबायचं होतं, ओरडून सांगायचं होतं की असं नाहीये हे... पण सरांच्या समोर मध्येच थांबत नाहीत आणि पुढ्यात जे लिहिलंय तेच वाजवतात. वीस वर्षांची सवय. तिने शेवटपर्यंत वाजवलं.

सरांनी पानं गोळा केली, एकमेकांवर नीट ठोकून सारखी केली आणि खाकी पाकिटात घातली. "जे लिहिलंय तेच मी वाचतो," ते मागच्या बाकाकडे बघून इंग्रजीत म्हणाले, रागाने नाही, थकून. "लिहिणाऱ्याने काय लिहिलंय ते त्याला माहीत असावं."

आभा व्हायोलिन खाली ठेवून वळेपर्यंत बाक रिकामा होता.

संध्याकाळी त्याचा एक मेसेज आला. त्यात म्हटलं होतं, तुला सगळ्यांसमोर खाली बघावं लागलं, माफ कर. मी आकड्यांचा माणूस, आकड्यांतच राहिलेलं बरं. यापुढे तुला त्रास देणार नाही. तिने फोन केला, त्याने उचलला नाही. पुन्हा केला. पुन्हा नाही.

तेव्हा कुठे तिने पेटीत राहिलेली स्वतःच्या पानाची जादा प्रत काढली आणि वाचली. वाचायला अर्धं मिनिट पुरलं. एकही सूर चुकलेला नव्हता. प्रत्येक ठिपका जिथे असायला हवा त्याच्या बरोबर एक सप्तक वर बसला होता.

असं का व्हावं? ती रात्रीचं जेवण विसरून शोधत बसली आणि सापडलं ते इतकं साधं होतं की तिला रडू आलं. गिटारचं संगीत कागदावर नेहमी एक सप्तक वरच लिहितात. जुनी रीत आहे, वाचायला सोपं जावं म्हणून. वाचणाऱ्या प्रत्येक गिटारवाल्याला ती ठाऊक असते. अनीश वाचणारा नव्हता. त्याने गिटारचा ट्रॅक घेतला, त्याला व्हायोलिनचा आवाज दिला. आवाज व्हायोलिनचा झाला, रीत गिटारचीच राहिली. यंत्राने त्याला ऐकवलं बरोबर आणि छापलं मात्र गिटारच्या रीतीने. त्याला ते दिसणं शक्यच नव्हतं. दिसलं असतं ते फक्त एका माणसाला, जिला त्याने "एकदा बघून घेशील?" म्हणून विचारलं होतं.

सोमवारी तिने ते सॉफ्टवेअर आपल्या लॅपटॉपवर घेतलं आणि त्याची फाइल उघडली. डावीकडे चार ट्रॅकची नावं होती. खालच्या तिघांची वाद्य दोन, वाद्य तीन, वाद्य चार. पहिल्याचं नाव होतं आभा.

असेल, तिने स्वतःला समजावलं, पहिलं व्हायोलिन मीच वाजवणार म्हणून लिहिलं असेल. मग तिला फाइलची तारीख दिसली. जानेवारी. तेव्हा ती त्याला ओळखतही नव्हती.

आकड्यांच्या वर जागोजागी त्याने बारीक टिपा लिहून ठेवल्या होत्या, छापताना न दिसणाऱ्या. नवव्या बारवर, म्हणजे नवव्या आवर्तनावर: 'इथे ती श्वास घेते.' सतराव्यावर: 'इथेही. खांदा आधी हलतो.' पंचविसाव्यावर: 'कार्यक्रमपत्रिकेत नाव सापडलं, नुसतं आभा. बंगाली असावी. मला बंगाली यायला हवं.' आणि शेवटच्या चार बारांवर, जिथे बाकीची तिन्ही वाद्यं थांबतात आणि पहिलं व्हायोलिन एकटंच वाजत राहतं, तिथे: 'यापुढे मला सुचत नाही.'

व्हायोलिन वाजवायला श्वास लागत नाही. तरी आभा ओळ सुरू करण्याआधी श्वास घ्यायची, लहानपणापासून, आणि ही खोड तिच्या शिक्षकांनाही कधी दिसली नव्हती. गेल्या जानेवारीत, नववर्षाच्या कार्यक्रमात, चर्चच्या हॉलमध्ये, कुठल्यातरी मागच्या रांगेतून ती एका अनोळखी माणसाला दिसली आणि तो घरी जाऊन तेवढ्या जागा सोडून, त्यांच्या आजूबाजूने दहा महिने संगीत लिहीत बसला. ते सगळे क्षणभराचे थांबे, जे तिला इतके आवडले होते, ते तिचेच होते.

आभाने लॅपटॉप मिटला. तिचं त्याच्यावर प्रेम होतं. आजपर्यंत तिला ते नुसतं वाटत होतं, आता माहीत झालं.

बुधवारी ती गोम्स सरांच्या घरी गेली. सर नाही म्हणाले. अट म्हणजे अट. तुझ्यासाठी मोडली तर उद्या सगळ्यांसाठी मोडावी लागेल. तिने सप्तकाची भानगड सांगितली, त्याला वाचता येत नाही हेही सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला.

"त्याला वाचता येत नाही," ते म्हणाले. "मग माझ्याकडे आणण्याआधी कोणी वाचलं होतं?"

"मी... वाचायला हवं होतं. नाही वाचलं."

"का?"

"ऐकत राहिले, सर."

सरांनी चष्मा चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. शहात्तर वर्षांच्या माणसाला काही गोष्टी फोड करून सांगाव्या लागत नाहीत. "म्हणजे त्या रविवारी मी तुझा निष्काळजीपणा वाचला," ते म्हणाले. "त्याची रचना मी अजून वाचलेलीच नाही." पण त्याने स्वतः यावं, त्यांनी पुढे सांगितलं, आणि काय झालं ते वाजवणाऱ्यांना स्वतःच्या तोंडाने सांगावं. लपून बसलेल्या माणसाचं मी वाचत नाही.

शुक्रवारी आभाने शिकवणीला सुट्टी दिली आणि बजबज गाठलं. ज्यूट मिलची लांबच लांब भिंत संपल्यावर बँक होती. दारातल्या यंत्रातून तिने टोकन घेतलं आणि नळाच्या बिलापासून पेन्शनपर्यंत सगळ्या कामांच्या माणसांत बसून राहिली. तिचा नंबर लागला तेव्हा टेबलामागच्या अधिकाऱ्याने मान वर न करता बंगालीत विचारलं, काय काम आहे?

"तक्रार आहे," ती मराठीत म्हणाली. "फोन उचलत नाहीत."

अनीशच्या हातातला शिक्का तसाच अधांतरी राहिला.

तिने फार वेळ घेतला नाही, मागे रांग होती. एका कागदावर पाच रेघा ओढल्या, एक ठिपका त्याने लिहिला होता तिथे काढला आणि एक जिथे हवा होता तिथे. सगळं सांगितलं. तो त्या दोन ठिपक्यांकडे बघत राहिला.

"म्हणजे मी लिहिलेलं... बरोबर होतं?"

"तू ऐकलेलं बरोबर होतं. चूक माझी. तू मला बघ म्हणालास आणि मी बघितलं नाही."

त्याने दीर्घ श्वास सोडला. आठवडाभर धरून ठेवलेला असावा. मग तिने सरांची अट सांगितली आणि त्याचा चेहरा परत उतरला. त्या सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं की मला वाचता येत नाही? ते हसले होते, आभा. तिने मान्य केलं, हसले होते. पुन्हाही हसतील कदाचित.

"मी नाही येऊ शकत," तो म्हणाला.

"ये किंवा नको येऊस," आभा म्हणाली. "पण पहिला ट्रॅक मी दुरुस्त केलाय, बाकीचे तीन तुझे तू कर. गिटारच्या रीतीची एक खूण काढायची असते, ती कुठे ते इथे लिहिलंय. आणि एक विचारायचं होतं... त्या पहिल्या ट्रॅकचं नाव बदलू, की राहू दे?"

मागच्या रांगेतले आजोबा नंतर सांगत होते की साहेब कानापर्यंत लाल झाले. आजोबांना मराठी येत नव्हतं, पण तेवढं दिसत होतं.

"तू... सगळं वाचलंस?"

"यावेळी सगळं वाचलं."

"मग?"

"मग राहू दे, असं माझं मत आहे," ती म्हणाली, टोकन टेबलावर ठेवलं आणि निघाली.

रविवारी दहाला पाच कमी असताना हॉलचं दार उघडलं. अनीशच्या एका हातात पानांची फाइल होती, पाठीवर गिटार. तो बाकावर बसला नाही, सरळ पुढे आला आणि मंडळींसमोर उभा राहिला. त्याचं बंगाली वाईट होतं, म्हणून तो हिंदीत बोलला. मला तुमची लिपी वाचता येत नाही, तो म्हणाला. मी गिटारच्या आकड्यांत लिहितो आणि यंत्र त्याची तुमची लिपी करतं. गेल्या वेळी काय चुकलं ते मला बोलून सांगता येणार नाही, वाजवून दाखवतो. त्याने गिटार काढली, पहिली ओळ खाली वाजवली, मग वर वाजवली. "मला हे हवं होतं आणि तुमच्याकडे हे गेलं." कोणी हसलं नाही. मृणालदा तर खुर्ची पुढे ओढून त्याची बोटं बघत होते आणि मध्येच त्यांनी विचारलं, हे सगळं एकेक आकडा टाकून केलंत? हो म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली, चेलो वाजवणारे हलवतात तशी सावकाश.

सरांनी चार मोजले.

आणि यावेळी ती बोलली. चेलो जमिनीतून आल्यासारखा आला, व्हिओलाने त्याला धरलं आणि त्या दोघांवर आभाचा सूर चालत गेला, न किंचाळता, माणसाच्या आवाजात. नवव्या बारवर तिने श्वास घेतला आणि सगळे तिच्याबरोबर थांबले, कारण कागदावर तसं लिहिलं होतं. यंत्रात जे कधीच आलं नव्हतं ते सगळं आता हॉलभर होतं. अनीश भिंतीला टेकून उभा होता. दहा महिने तो हे डोक्यात ऐकत आला होता आणि तरीही ते इतकं सुंदर आहे हे त्याला माहीत नव्हतं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी तिघं थांबले. आभा चार बार एकटी वाजवत राहिली आणि मग तीही थांबली.

सरांनी कार्यक्रमाच्या यादीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, ठेवू या. शेवट मात्र अर्धवट आहे. ही मुलगी तिथे एकटी उभी राहून कोणाची वाट बघते? एका आठवड्यात काय ते बघा. एवढं बोलून ते कोट घालायला गेले.

मंडळी पेट्या बंद करून चहाला बाहेर पडली. अनीश तिच्याजवळ आला. शेवटाचं मला खरंच सुचत नाही, तो म्हणाला, जानेवारीपासून बसलोय. तिथे कोणालाही आणलं की ते... आगाऊपणाचं वाटतं.

आभाने व्हायोलिनच्या पेटीतून घडी घातलेला एक कागद काढला आणि त्याच्या हातात ठेवला. पट्टीने ओढलेल्या सहा रेघा, त्यांवर तिच्याच नीटस, शिक्षकी अक्षरातले आकडे. फक्त चार बार.

"गिटारसाठी आहे," ती म्हणाली. "मी आयुष्यात पहिल्यांदा काही लिहिलंय, तेव्हा जरा सांभाळून."

तो स्टुलावर बसला, कागद गुडघ्यावर ठेवला आणि वाजवायला लागला. दोन सूर निघाले आणि दोघांचेही चेहरे एकदमच वाकडे झाले. त्याने कागद जवळ घेतला, लांब धरला, मग त्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू विरल्या.

"वरची रेघ कुठल्या तारेची धरलीस?"

"जाड तारेची. मांडीवर गिटार धरली की तीच वर असते ना?"

"असते. पण टॅबमध्ये बारीक तार वर लिहितात. तू सगळं उलटं लिहिलंयस, आभा."

तिचा चेहरा पडला. "मग... काहीच कळत नाही का त्यातलं?"

"थांब," तो म्हणाला.

त्याने कागद तसाच ठेवला आणि तिने मनात ज्या तारा धरल्या होत्या त्या धरून पुन्हा सुरुवात केली. यावेळी ते निघालं. एक साधी, खालच्या सुरातली चाल, घाई न करता येणारी, जिला सोबत कशी करायची ते नेमकं ठाऊक होतं. आभाने व्हायोलिन उचललं आणि आपले चार बार त्यावर वाजवले. एकदा वाजवून झाल्यावर त्यांनी कोणी न सांगता पुन्हा वाजवले.

शेवटच्या बारवर, रेघांच्या वर, तिने त्याच्यासारखीच बारीक अक्षरात एक टीप लिहिली होती. तो तिथे येऊन थांबला.

"हे मोठ्याने वाचू?"

"नको," ती म्हणाली. "मीच सांगते. मला तू आवडतोस, अनीश. तुझी रचना आवडली त्याच दिवसापासून. आता मला एकटीला वाजवायला लावू नकोस."

त्याने गिटारच्या तारांवर हात ठेवून त्या शांत केल्या. बाहेर मृणालदा कोणाला तरी आणखी दोन चहा आत पाठवायला सांगत होते.

"मला वाचायला शिकव," तो म्हणाला. "पुढचं आपण दोघांनी लिहायचंय. दर वेळी यंत्राला मध्ये घेता येणार नाही."

आभाने त्याच्या शेजारी दुसरं स्टूल ओढलं, एक कोरा कागद घेतला आणि त्यावर पाच रेघा ओढायला लागली.